तारण हरवते का? संत फ्रान्सिस डी सेल्स यांची जीवनकथा

दरवर्षी २४ जानेवारी रोजी आपण संत फ्रान्सिस डी सेल्स यांचा सण साजरा करतो. औरंगाबाद धर्मप्रांताचे कॅथेड्रल त्यांच्याच नावाने उभे आहे. त्यांच्या नावाच्या शाळेत या शहरातील ख्रिस्ती, हिंदू, मुस्लिम, बौद्ध अशा सर्व घरांतील मुले शिकून गेली आहेत, आणि एसएफएस म्हटले की रिक्षावाल्याला जास्त पत्ता सांगावा लागत नाही. नाव एवढे परिचयाचे, पण माणूस मात्र फारसा परिचयाचा नाही. लेखक व पत्रकारांचे आश्रयदाते संत आणि स्वभावाने अतिशय सौम्य, इतकी माहिती आपल्याला धर्मशिक्षणाच्या वर्गात मिळते आणि तेथेच आपण थांबतो. म्हणून या रविवारी त्यांचे जीवन जरा सविस्तर सांगावे असे आम्ही ठरवले आहे.

त्यांच्या जीवनातील एक धागा आम्ही मुद्दाम पुढे ओढणार आहोत. आपल्या वस्त्यांमध्ये सध्या दोन प्रकारचे बोलणे कानावर येते. कोणी नातेवाईक किंवा शेजारी प्रार्थनासभेला जाऊ लागतो आणि परत येऊन आपल्याला विचारतो की, तुमचे तारण झाले आहे का? त्याचे म्हणणे असे, की एकदा प्रभू येशूला तारणारा म्हणून स्वीकारले की तारण पक्के झाले. पुढे कितीही मोठे पाप घडले तरी ते हिरावले जात नाही. दुसरे बोलणे याच्या अगदी उलट आणि बरेच हळू आवाजातले. मागच्या बाकावर बसणारे काही भाविक वर्षानुवर्षे ख्रिस्तशरीर स्वीकारायला पुढे येत नाहीत. दारू, भावाची लुबाडलेली जमीन, तरुणपणी घडलेली एखादी गोष्ट, असे काहीतरी मनात असते. देवाने आपले नाव केव्हाच खोडून टाकले आहे, आता पापनिवेदन करून काय होणार, असे त्यांनी स्वतःशी ठरवून टाकलेले असते. मग ख्रिस्ती माणूस पापामुळे आपले तारण गमावू शकतो की नाही? हा प्रश्न आपल्या कॅथेड्रलच्या आश्रयदात्याला पुस्तकात सापडला नव्हता. एकोणिसाव्या वर्षी या प्रश्नाने त्यांना अंथरुणाला खिळवले होते.

सॅव्हॉयचा थोरला मुलगा

फ्रान्सिस यांचा जन्म २१ ऑगस्ट १५६७ रोजी सॅव्हॉय प्रांतातील थोरांस या गावी, सेल्स घराण्याच्या गढीत झाला. हा डोंगराळ प्रदेश आज फ्रान्समध्ये आहे. त्या वेळी तेथे सॅव्हॉयच्या ड्यूकची सत्ता होती. वडील मोठे जमीनदार आणि सैनिकी बाण्याचे. आई वयाने फारच लहान, पहिले मूल झाले तेव्हा जेमतेम १५ वर्षांची. थोरल्या मुलाने कायदा शिकावा, सेनेटमध्ये बसावे, चांगल्या घरातील मुलगी करून घराण्याचे नाव चालवावे, अशी वडिलांची इच्छा होती. आपल्याकडच्या पाटील-देशमुखांच्या घरात थोरल्याकडून जी अपेक्षा असते, तीच ही.

जवळचे मोठे गाव अ‍ॅनसी. तेथून जिनिव्हा सुमारे ४० किलोमीटर, म्हणजे आपल्याला पैठण आहे त्याहूनही जवळ. आणि जिनिव्हा म्हणजे त्या काळी जॉन कॅल्विन यांचे शहर. कॅल्विन १५६४ मध्ये, फ्रान्सिसच्या जन्माच्या तीन वर्षे आधी, वारले होते, परंतु त्यांची शिकवण तेथे पूर्ण जोरात होती. जिनिव्हाच्या कॅथोलिक बिशपांना शहर सोडून अ‍ॅनसीत राहावे लागत होते. त्यामुळे धर्मावरील वादविवाद हे फ्रान्सिसच्या कानांवर लहानपणापासून पडत होते.

कॅल्विन यांच्या शिकवणीतील एक भाग येथे थोडक्यात सांगायला हवा, नाहीतर पुढचे समजणार नाही. कोणाचे तारण होणार आणि कोणाचा नाश होणार हे देवाने जगाच्या उत्पत्तीपूर्वीच ठरवून ठेवले आहे. माणसाच्या कृत्यांवर ते अवलंबून नाही. जे निवडलेले आहेत ते शेवटी हरवणार नाहीत, आणि जे निवडलेले नाहीत ते काही केल्या वाचणार नाहीत. स्वतःला निवडलेल्यांत धरणाऱ्याला या शिकवणीत फार मोठा धीर मिळतो, हे मान्य केले पाहिजे. पण एखाद्याने स्वतःला दुसऱ्या यादीत धरले तर?

पॅरिसमधील सहा आठवडे

फ्रान्सिस किशोरवयातच शिक्षणासाठी पॅरिसला गेले आणि येशूसंघीय फादरांच्या क्लेरमाँ कॉलेजात दाखल झाले. हुशार, देखणा, तलवार आणि घोडेस्वारी शिकणारा, आणि त्याच वेळी प्रार्थनेत रमणारा असा हा विद्यार्थी होता. मनातून त्याला धर्मगुरू व्हायचे होते, पण वडिलांना सांगायचे धाडस नव्हते. कॉलेजात आणि विद्यापीठात पूर्वनियुक्तीचा विषय गाजत होता. संत ऑगस्टीन यांनी काय म्हटले, संत थॉमस अक्वायनस यांनी काय म्हटले, यावर कॅथोलिक पंडितांमध्येही मतभेद होते. तरुण फ्रान्सिस हे सारे वाचत आणि ऐकत होता.

१५८६ च्या डिसेंबरात त्याच्या मनात एक विचार शिरला, की मी निवडलेल्यांपैकी नाही. मी नरकासाठीच ठरवलेलो आहे. हा विचार गेला नाही. झोप उडाली, अन्न जाईना, अंग पिवळे पडले. सोबत राहणाऱ्या गुरुजींना वाटले की मुलगा शरीराने आजारी आहे. सुमारे सहा आठवडे हे चालले. येथे एक गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. या मुलाने कोणतेही घोर पाप केलेले नव्हते. त्याचे चरित्र लिहिणाऱ्यांना असे काही सापडलेले नाही. म्हणजे आपण हरवलो आहोत ही भीती नेहमी पापाच्या प्रमाणातच येते असे नाही. कधी कधी बरेच पाप करणारा निश्चिंत झोपतो आणि निष्पाप माणूस रात्रभर जागा राहतो. आमच्या मते, भीती किती मोठी आहे यावरून आपण देवाजवळ आहोत की दूर हे मोजणे हा फसवा हिशेब आहे.

त्याला सर्वांत जास्त काय टोचत होते, हेही पाहण्यासारखे आहे. नरकातील आगीचे भय होतेच, पण त्याहून मोठे दुःख हे होते की नरकात गेल्यावर आपल्याला देवावर प्रेम करता येणार नाही.

१५८७ च्या जानेवारीतील एका दिवशी, कॉलेजातून परतताना तो सेंट एतिएन दे ग्रे नावाच्या चर्चमध्ये शिरला. तेथे पवित्र मारियेची एक काळी मूर्ती होती. संकटातून सोडवणारी माता म्हणून लोक तिच्यापाशी येत. मूर्तीजवळ एका फळीवर मारियेच्या मध्यस्थीची प्रार्थना लावलेली होती. आपणही जपमाळेनंतर पुष्कळदा म्हणतो तीच ही प्रार्थना, जिच्यात मारियेकडे धाव घेतलेला कोणीही रिकाम्या हाती परतल्याचे ऐकिवात नाही अशी आठवण तिला करून दिली जाते. फ्रान्सिसने गुडघे टेकून ती म्हटली. मग त्याने परमेश्वरासमोर एक निश्चय केला. माझ्याविषयी तू काय ठरवले असशील ते असो. पुढच्या जगात मला तुझ्यावर प्रेम करता येणार नसेल, तर निदान या जगात तरी मी तुझ्यावर पूर्ण मनाने प्रेम करीन, असा त्या निश्चयाचा आशय होता. तो उठला तेव्हा मनावरचा भार उतरला होता. त्यानेच पुढे सांगितले की कुष्ठाचे पापुद्रे गळून पडावेत तसे ते दुःख गळून पडले.

तारणाची हमी देणारा कोणताही आवाज त्याला ऐकू आला नव्हता. तू निवडलेला आहेस असे कोणी सांगितले नाही. आपले नाव कोणत्या यादीत आहे हा हिशेब त्याने सोडून दिला आणि तो देवाच्या हाती दिला, इतकेच घडले. फ्रेंच राज्यक्रांतीच्या काळात ते चर्च नाहीसे झाले, परंतु मूर्ती वाचली. ती आज पॅरिसजवळील न्युयी या गावी धर्मभगिनींच्या मठात आहे.

पादुआ, आणि घरी परतणे

१५८८ मध्ये वडिलांनी त्याला कायदा शिकायला इटलीतील पादुआ विद्यापीठात पाठवले. तेथे तो जुना प्रश्न पुन्हा वर आला, पण आता दुखणे म्हणून न येता अभ्यासाचा विषय म्हणून आला. फ्रान्सिसने तो शांतपणे तपासला. ऑगस्टीन आणि थॉमस यांच्याबद्दल पूर्ण आदर ठेवून त्याने आपल्या वहीत लिहून ठेवले की, सर्व माणसांचे तारण व्हावे अशीच देवाची खरी इच्छा आहे, आणि ज्याचा नाश होतो तो देवाच्या इच्छेमुळे होत नाही, स्वतःच्या नकारामुळे होतो, या मताकडे आपला कल आहे. विशीतल्या मुलाने एवढ्या मोठ्या आचार्यांपुढे नम्रपणे पण ठामपणे वेगळे मत नोंदवावे, हे आम्हाला विशेष वाटते.

पादुआतच तो एकदा मरणाच्या दारात पोहोचला. वैद्यकीय विद्यार्थी शवविच्छेदनासाठी कबरस्तानातून प्रेते चोरीत आणि त्यावरून मारामाऱ्या होत. फ्रान्सिसने गुरुजींना सांगून ठेवले की आपण मेलो तर आपला देह त्या विद्यार्थ्यांना द्यावा, म्हणजे जिवंतपणी नाही तरी मेल्यावर आपला कोणाला उपयोग होईल. तो बरा झाला आणि ५ सप्टेंबर १५९१ रोजी कायद्याची डॉक्टरेट घेऊन घरी आला.

वडिलांनी सेनेटची जागा आणि मुलगी दोन्ही पाहून ठेवले होते. शेवटी फ्रान्सिसने मन उघडे केले. घरात वादळ झाले. पुष्कळ समजुतीनंतर वडिलांनी होकार दिला आणि १८ डिसेंबर १५९३ रोजी फ्रान्सिस यांना गुरुदीक्षा मिळाली. पुढे त्याच वडिलांनी आपल्या मुलालाच पापनिवेदनासाठी निवडले. पांढऱ्या केसांचा तो कडक सरदार आपल्या पोरासमोर गुडघे टेकतो आणि आपली पापे सांगतो. मराठवाड्यातील किती बापांना हे जमेल, आम्हाला शंका आहे.

शाब्लेचा बर्फ

१४ सप्टेंबर १५९४ रोजी फ्रान्सिस आणि त्यांचे चुलतभाऊ फादर लुई जिनिव्हा सरोवराच्या दक्षिणेकडील शाब्ले या मुलखात निघाले. तेथील लोक सुमारे ६० वर्षांपूर्वी कॅल्विनपंथी झाले होते. रात्री अलांजच्या किल्ल्यात मुक्काम, दिवसा डोंगर उतरून थोनों या गावात प्रवचन, असा क्रम. ऐकायला मूठभर माणसे. हिवाळ्यातल्या एका रात्री लांडग्यांच्या भीतीने त्यांनी झाडावर चढून स्वतःला फांदीला बांधून घेतले आणि सकाळी शेतकऱ्यांनी गारठलेल्या अवस्थेत त्यांना खाली उतरवले, अशी कथा सांगतात. लोक प्रवचनाला येत नाहीत म्हणून त्यांनी छोटी पत्रके लिहिली, त्यांच्या प्रती काढून दारांखाली सरकवल्या आणि चौकात लावल्या. याच पत्रकांमुळे पोप पायस अकरावे यांनी १९२३ मध्ये त्यांना लेखक-पत्रकारांचे आश्रयदाते घोषित केले. आज तुमच्या हातात असलेली ही पत्रिकाही एका अर्थाने त्याच दाराखालच्या कागदाची नातेवाईक आहे.

पोप क्लेमेंट आठवे यांच्या सांगण्यावरून १५९७ मध्ये ते गुप्तपणे जिनिव्हात गेले आणि कॅल्विन यांचे वारसदार थिओडोर बेझा यांना भेटले. बेझा पंच्याहत्तरी ओलांडलेले होते. फ्रान्सिस यांनी भांडण केले नाही. त्यांनी एकच प्रश्न विचारला, की कॅथोलिक ख्रिस्तसभेत राहून माणसाचे तारण होऊ शकते का? बेझा आतल्या खोलीत गेले, बराच वेळ येरझारा घालत राहिले, आणि परत येऊन त्यांनी होय असे उत्तर दिले. मग एवढे रक्त कशासाठी सांडले, हा पुढचा प्रश्न साहजिकच होता. भेटी आणखी झाल्या, पण बेझा यांनी आपला पंथ सोडला नाही. फ्रान्सिस यांनीही त्यांचा अनादर केला नाही.

१५९८ मध्ये थोनों येथे ४० तासांची आराधना झाली आणि शाब्लेतील बहुसंख्य लोक कॅथोलिक श्रद्धेत परतले. येथे आम्हाला सरळपणे लिहायला हवे की हे सारे केवळ फ्रान्सिस यांच्या गोडीमुळे झाले नाही. सॅव्हॉयचा ड्यूक स्वतः तेथे हजर होता आणि नकार देणाऱ्यांवर राजसत्तेचा दाब आला. तो काळच तसा होता, दोन्ही बाजूंनी. आज धर्मस्वातंत्र्याबद्दल ख्रिस्तसभा जे शिकवते त्यात हे बसत नाही. फ्रान्सिस यांचे चार वर्षांचे पायी हिंडणे मात्र खरे आहे, आणि ते दाब येण्याच्या कितीतरी आधीचे आहे.

पापनिवेदन ऐकणारे बिशप

८ डिसेंबर १६०२ रोजी, वयाच्या ३५ व्या वर्षी, थोरांसच्या चर्चमध्ये त्यांचा जिनिव्हाचे बिशप म्हणून अभिषेक झाला. आपल्या शहरात त्यांना कधीच राहता आले नाही. २० वर्षे ते अ‍ॅनसीहूनच काम करीत राहिले. मुलांना स्वतः धर्मशिक्षण देत. मार्टिन नावाच्या एका जन्मतः मूकबधिर माणसासाठी त्यांनी हातांच्या खुणा तयार केल्या, त्यातून त्याला श्रद्धा शिकवली आणि प्रथम ख्रिस्तशरीर दिले. म्हणून मूकबधिरांचेही ते आश्रयदाते मानले जातात.

परंतु त्यांचा सर्वांत जास्त वेळ जाई तो पापनिवेदन ऐकण्यात आणि पत्रे लिहिण्यात. आपल्या धर्मगुरूंसाठी त्यांनी पापनिवेदन कसे ऐकावे याच्या सूचना लिहून काढल्या. येणारा माणूस तुम्हाला पिता म्हणतो, तेव्हा तुमचे मनही पित्याचे असू द्या. तो कितीही घाणीत लोळून आला असला तरी तोंड वाकडे करू नका. तो निराश झालेला दिसला तर तुम्ही स्वतः देवदूत नाही, तुम्हीही माणूसच आहात हे त्याला कळू द्या, असे त्यात आहे. ज्याने स्वतः सहा आठवडे निराशा भोगली, त्यालाच हे सुचू शकते.

१६०९ साली त्यांचे भक्तिमय जीवनाची ओळख करून देणारे पुस्तक निघाले. मादाम द शार्मुआझी या नात्यातील एका विवाहित स्त्रीला लिहिलेल्या मार्गदर्शनातून ते तयार झाले होते. पवित्र जीवन हे मठवासीयांचेच काम आहे ही समजूत त्यांनी मोडून काढली. शिपाई, कारागीर, संसारी बाई, दरबारी, प्रत्येकाची भक्ती त्याच्या कामाला जुळेल अशी असते, हे त्यांनी शिकवले. त्याच पुस्तकात पाप घडल्यानंतर स्वतःशी कसे वागावे यावर त्यांनी लिहिले आहे. आपण पडलो की आपण स्वतःवरच चिडतो, आणि मग चिडलो म्हणूनही चिडतो. या चिडण्यात पश्चात्तापापेक्षा अहंकार जास्त असतो, कारण मी पडूच कसा शकतो, असे आतून वाटत असते. ते सांगतात की आपल्या हृदयाला रागावून बोलू नका, दयेने बोला, आणि हात धरून पुन्हा उभे करा.

प्रीती तुटू शकते

मग त्यांनी पाप किरकोळ मानले का? नाही. येथेच त्यांचे दुसरे मोठे पुस्तक, देवाच्या प्रीतीवरील ग्रंथ, उपयोगी पडते. १६१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या ग्रंथाचे १२ भाग आहेत आणि त्यांतील चौथा पूर्ण भाग देवावरील प्रीती कमी कशी होते आणि नष्ट कशी होते याच विषयाला दिलेला आहे. या मर्त्य जीवनात आहोत तोवर आपण ती प्रीती गमावू शकतो, हे त्यांनी स्पष्ट मांडले आहे. लहान पापांनी ती थंड होते, आळसावते, पण मरत नाही. गंभीर पापाने मात्र ती एका क्षणात जाते, कारण त्या क्षणी आपण देव आणि दुसरे काहीतरी यांच्यामध्ये दुसरे काहीतरी निवडलेले असते. आणि ती जाण्याचे कारण नेहमी आपल्याच इच्छेत असते. देव कोणालाही आधी सोडत नाही.

ही ख्रिस्तसभेचीच शिकवण आहे. ट्रेंटच्या महापरिषदेने १३ जानेवारी १५४७ रोजी तारणविषयक निर्णय जाहीर केला, त्यात या गोष्टी आहेत. प्राणघातक पापाने देवकृपा हरवते, जरी श्रद्धा शिल्लक राहिली तरी. हरवलेली कृपा प्रायश्चित्त संस्काराने पुन्हा मिळते. आणि विशेष प्रकटीकरणाशिवाय कोणालाही, आपण शेवटपर्यंत टिकणारच, असे खात्रीने म्हणता येत नाही. प्राणघातक पाप कशाला म्हणायचे? बाब गंभीर हवी, ती गंभीर आहे हे माहीत हवे, आणि तरीही जाणूनबुजून, स्वतःच्या मर्जीने ती केलेली हवी. तिन्ही गोष्टी असाव्या लागतात. रागाच्या भरात तोंडातून निघालेल्या प्रत्येक शब्दाला लोक प्राणघातक पाप समजतात आणि उगाच घाबरतात. दुसरीकडे कामगाराची मजुरी वर्षभर अडवून ठेवणारा माणूस निवांत असतो.

प्रेषित पेत्राने प्रभूला तीन वेळा नाकारले आणि यहूदाने त्याला धरून दिले. दोघांचेही पाप गंभीर होते. पेत्र रडला आणि परत आला. यहूदालाही पश्चात्ताप झाला होता, शुभवर्तमानात तसे नमूद आहे. पण आपल्याला क्षमा मिळेल हे त्याला खरे वाटले नाही. फ्रान्सिस यांच्या शिकवणीच्या प्रकाशात पाहिले, तर पहिल्या प्रकारच्या शेजाऱ्याला पेत्राचे पडणे आठवायला हवे, आणि मागच्या बाकावरच्या भाविकाला पेत्राचे परतणे.

१६१८ मध्ये त्यांनी येशूसंघाचे प्रसिद्ध धर्मपंडित लेसियस यांना पत्र लिहून कळवले की, देव माणसाचा प्रतिसाद आधीच जाणून निवड करतो, हे मत आपल्याला देवाच्या दयेला आणि कृपेला अधिक साजेसे वाटते. योगायोग असा की त्याच वर्षी हॉलंडमधील डॉर्ट गावी कॅल्विनपंथीयांची मोठी सभा भरली आणि निवडलेला कधीही शेवटी हरवत नाही हे तत्त्व तिने पक्के केले. ही दूर युरोपातली गोष्ट वाटेल, पण ती आपल्या मराठवाड्यातही पोहोचली आहे. एकोणिसाव्या शतकात जालन्याजवळ बेथेल हे ख्रिस्ती गाव वसवणारे रेव्ह. नारायण शेषाद्री हे स्कॉटलंडच्या फ्री चर्चचे मिशनरी होते, आणि ते चर्च कॅल्विन यांच्याच परंपरेतले. त्याच शतकात फ्रान्सिस यांच्या अ‍ॅनसीहून दुसरी वाट निघाली. फादर पीटर मर्मिए यांनी १८३८ मध्ये तेथे संत फ्रान्सिस डी सेल्स यांच्या नावाने मिशनरी संघ स्थापन केला. १८४५ मध्ये त्याचे पहिले फादर भारताकडे निघाले, विशाखापट्टणमला उतरले, पुढे नागपूर, आणि तेथून वैजापूर तालुक्यातील घोगरगावासारख्या आपल्या खेड्यांत आले. अ‍ॅनसी आणि जिनिव्हा यांचे शेजारपण असे गोदावरीच्या खोऱ्यात पुन्हा घडले. त्या बांधवांशी आपले लग्नकार्याचे संबंध आहेत, नाताळाचे फराळ आहेत. लुथरन आणि कॅथोलिक यांनी १९९९ मध्ये तारणाविषयी जे संयुक्त निवेदन केले, त्याला कॅल्विन यांच्या परंपरेतील मंडळ्यांच्या जागतिक संघटनेनेही २०१७ मध्ये आपली संमती जोडली. तारण हे देवाचे फुकट दान आहे, आपली कमाई नाही, यावर आज एकमत आहे. ते दान हातातून सुटू शकते का, यावर मात्र सर्वांचे बोलणे अजून एक झालेले नाही.

शांतालच्या विधवेला सांगितलेली गोष्ट

१६०४ च्या प्रायश्चित्तकाळात दिजाँ शहरात प्रवचने देताना त्यांची जेन द शांताल या तरुण विधवेशी भेट झाली. चार मुले, शिकारीत गोळी लागून मेलेला नवरा, आणि मनात श्रद्धेविषयीच सतत येणारे विचित्र संशय. दोघांनी मिळून ६ जून १६१० रोजी अ‍ॅनसी येथे मारियाभेटीचा धर्मभगिनी संघ सुरू केला. प्रकृतीने नाजूक किंवा वयाने मोठ्या असल्यामुळे इतर कडक मठ ज्यांना घेत नसत, अशा स्त्रियांनाही येथे प्रवेश होता.

जेन यांच्या मनातले संशय वर्षानुवर्षे गेले नाहीत. एकदा त्यांचा धीर अगदी सुटला तेव्हा फ्रान्सिस यांनी त्यांना पॅरिसमधले ते सहा आठवडे सांगितले. ते गेल्यानंतर, १६२७ मध्ये, त्यांच्या संतपदासाठी चौकशी सुरू झाली तेव्हा जेन यांनी शपथेवर दिलेल्या साक्षीत ही हकिकत नोंदवली. स्वतःची जखम त्यांनी मिरवली नाही, आणि जिला गरज होती तिच्यापासून लपवलीही नाही.

१६२२ च्या शेवटी ड्यूकच्या लवाजम्याबरोबर त्यांना फ्रान्सचा प्रवास करावा लागला. प्रकृती खालावलेली होती. लियाँ शहरात मोठ्या घरांची आमंत्रणे असतानाही ते आपल्या धर्मभगिनींच्या मठातील माळ्याच्या झोपडीवजा घरात उतरले. २७ डिसेंबरला त्यांना पक्षाघाताचा झटका आला आणि दुसऱ्या दिवशी, वयाच्या ५५ व्या वर्षी, त्यांनी देह ठेवला. १६६५ मध्ये पोप अलेक्झांडर सातवे यांनी त्यांना संत घोषित केले, १८७७ मध्ये पोप पायस नववे यांनी ख्रिस्तसभेचे आचार्य म्हणून गौरवले, आणि त्यांच्या मृत्यूला ४०० वर्षे झाली त्या दिवशी, २८ डिसेंबर २०२२ रोजी, पोप फ्रान्सिस यांनी त्यांच्यावर एक प्रेषितीय पत्र प्रसिद्ध केले.

मृत्यूची तारीख २८ डिसेंबर असताना सण २४ जानेवारीला का, असे पुष्कळ जण विचारतात. २८ डिसेंबर हा हेरोदाने मारलेल्या निष्पाप बालकांचा सण आहे. लियाँचे लोक त्यांचा देह सोडायला तयार नव्हते. बरीच ओढाताण होऊन अखेर तो बर्फातून अ‍ॅनसीला आणण्यात आला आणि २४ जानेवारी १६२३ रोजी मारियाभेटीच्या मठाच्या चर्चमध्ये ठेवण्यात आला. आज तो तेथील बॅसिलिकात आहे, आणि शेजारी संत जेन यांचा.